आई सध्या कुणाकडं आहे?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सातारा बसस्थानकावर तासभर बसलं की एका विशिष्ट प्रकारचे प्रवासी ओळखता यायला लागतात. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, सोबत कुणी नाही, असलंच तर एखादा शाळकरी नातू. हातात कापड दुकानाची जुनी पिशवी, तिच्यात गोधडी, दोन लुगडी, चष्म्याची डबी. लॅमिनेशन केलेलं आधार कार्ड मात्र कनवटीला, कारण ते दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी फुकट आहे. या सवलतीनं देवदर्शन किती वाढलं ते महामंडळ सांगेल. मला दिसली ती एका लेकाकडून दुसऱ्या लेकाकडे चाललेली म्हातारी माणसं.

"थोरल्याचं चार म्हैनं झालं. आता मधल्याकडं," माझ्या शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पेरणीनंतर कोळपणी यावी तसं थोरल्यानंतर मधला. तीन मुलगे, बारा महिने, प्रत्येकी चार. हिशेब सोपा आहे, म्हणूनच बहुधा तो सर्वत्र चालतो.

आजींनी औषधांचा डबा उघडून दाखवला तेव्हा त्या सोप्या हिशेबाची दुसरी बाजू दिसली. डब्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटं होती, दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या रंगांची. मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत औषध एकच, अम्लोडिपिन. एक थोरल्याच्या गावच्या आरोग्य केंद्रातलं, दुसरं मधल्याच्या गावातल्या खासगी डॉक्टरनं लिहून दिलेलं. आजी दोन्ही घेत होत्या. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. मधूनमधून चक्कर येते, असंही त्यांनीच सांगितलं. कोणत्याही लेकानं हयगय केलेली नव्हती. उलट दोघांनीही आईला डॉक्टरकडे नेलं होतं. दुसऱ्यानं काय दिलंय ते बघायचं मात्र दोघांच्याही चार महिन्यांत बसत नव्हतं. मी त्यांना मधल्या लेकाला दोन्ही पाकिटं दाखवायला सांगितलं, आणि एका चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'मोजदाद' असा दिला आणि विचारलं, म्हातारपण नीट जायला मुलं किती लागतात, यावर लिहाल का? प्रश्न थट्टेचा वाटला, तरी आपल्याकडे तो कित्येक पिढ्या गांभीर्यानं विचारला गेला आहे आणि उत्तरही ठरलेलं होतं: जितकी जास्त तितकं बरं. मग सरकारनं लाल त्रिकोण रंगवून सांगितलं, दोन किंवा तीन पुरेत. महाराष्ट्रानं ते बऱ्याच राज्यांच्या आधी ऐकलं. आता ती दोन-दोन मुलांची जोडपी साठीच्या पलीकडे पोचू लागली आहेत. म्हणून उत्तर पुन्हा तपासायला हरकत नाही.

पाचांतला एक

गावातल्या जुन्या माणसांना विचारा, पाच मुलांचा फायदा काय? पाचही जण सांभाळतात असं कुणीच म्हणत नाही. "पाचांत एक तरी निघतो," असं म्हणतात. मला हे फार चोख निरीक्षण वाटतं. मोठ्या कुटुंबात आधार पाचपट होत नसे, निवड पाचपट होत असे. एक मुंबईला गेला, एक दारूत गेला, एकाचं बायकोशी पटेना, तरी चौथा नाहीतर पाचवा घरी उरे. त्याच्याकडे म्हातारा-म्हातारी राहत. बाकीचे सणाला येत, दिवसकार्याला येत आणि वाटणीला न चुकता येत.

पण या निवडीची किंमतही त्याच कुटुंबानं मोजलेली असे. पाच लेकरं वाढवताना आई-बापांच्या हाती शिल्लक राहत नसे आणि जमीन तर पाच जागी फाटे. महाराष्ट्रात 1970-71 च्या कृषिगणनेत सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टरवर आली. म्हणजे ज्या मुलांच्या संख्येवर भरवसा ठेवला, त्या संख्येनंच प्रत्येकाची सांभाळायची ऐपत कमी केली. दीड एकरवाल्या लेकाला आईचं ताट जड होत नाही, तिचं दवाखान्याचं बिल जड होतं.

वाटणीच्या वेळी शहाणे बाप एक तुकडा स्वतःकडे ठेवतात. तहहयात पीक खायचं, आणि जो शेवटपर्यंत सांभाळेल त्याला तो तुकडा जायचा. गावोगाव ही पद्धत दिसते. ज्यांनी सगळंच वाटून टाकलं आणि ज्यांनी दोन एकर तरी सातबाऱ्यावर आपल्या नावे राखले, त्यांच्या घरी जाऊन नुसता चहा घेतला तरी फरक कळतो. दुसऱ्या घरात चहा कुणी करायचा यावरून सुनांची नजरानजर होत नाही. मराठी रंगभूमीवर म्हातारपणाची जी दोन नाटकं सर्वांत गाजली, 'नटसम्राट' आणि 'संध्याछाया', त्या दोन्हींत मुलं दोनच आहेत, हा योगायोग मला बरेच दिवस गमतीचा वाटत आला आहे. 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांना आणखी तीन मुलं असती तर त्यांनी संपत्तीचे पाच भाग केले असते. शेवट बदलला असता असं वाटत नाही.

कृष्णाकाठचं गोवे

साताऱ्याहून लिंबला लोक जातात ते बारा मोटेची विहीर बघायला. तिथून पुढे कृष्णेच्या पात्रातलं कोटेश्वराचं देऊळ आणि पलीकडे गोवे. या गावाचं नाव जगभरातल्या लोकसंख्याशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, हे मात्र विहिरीवर फोटो काढणाऱ्यांना माहीत नसतं.

1975 मध्ये कॅरल व्लासॉफ आणि मायकेल व्लासॉफ हे संशोधक इथे आले. भारतातले लोक म्हातारपणाची काठी म्हणून जास्त मुलं जन्माला घालतात, हे तेव्हा जवळजवळ सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. गावातल्या पुरुषांशी बोलल्यावर त्यांना ते गृहीतक टिकताना दिसेना. बहुतेक माणसं अंगात बळ आहे तोवर शेतात राबतच होती. निवृत्त होऊन लेकाच्या जिवावर बसणं हा प्रकार विरळा होता. पुढे कॅरल व्लासॉफ पुन्हा गोवे गावात आल्या, विधवांशी बोलल्या आणि 1990 मध्ये त्यावर निबंध लिहिला. मुलगे असलेल्या विधवा मुलगे नसलेल्यांपेक्षा खाऊनपिऊन सुखी असतील असं वाटलं होतं. तसा फरक दिसला नाही. तरी मुलगा हवाच, यावर बायका ठाम होत्या. गावाशी त्यांचा संबंध पुढेही राहिला आणि 2013 मध्ये त्यावर पुस्तक आलं.

गोवे गावच्या पारावर मी हा विषय काढला तेव्हा बसलेल्यांनी निबंधाचा निष्कर्ष अर्ध्या वाक्यात उडवून लावला. "लेक नसंल तर पाणी कोण पाजणार?" थोड्या वेळानं त्यांच्यातलेच एक गृहस्थ उठले, धारेची वेळ झाली म्हणाले. वय विचारलं तर ऐंशीला एक कमी. दोन म्हशी आहेत, दुधाचा पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यावर येतो. लेक पुण्यात चाकणला कंपनीत. ते कुणाच्या जिवावर जगतात याचं उत्तर गोठ्यात बांधलेलं होतं. तरीही पारावर बोलताना त्यांनी लेकाचंच नाव घेतलं होतं. संशोधकांना जे दोन्ही एकाच वेळी दिसलं होतं, ते इतक्या वर्षांनंतरही तसंच आहे.

तारखेला आलेले भाऊ

मुलांची संख्या आणि म्हातारपण यांचा संबंध सरकारी कागदावर बघायचा असेल तर प्रांत कार्यालयात जावं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा आला आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरणाचं काम आलं. अर्ज साधा असतो. वकील लावायचा नाही, असं मूळ कायदाच सांगतो. निर्वाहभत्ता महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा, फार तर तीस दिवस आणखी.

कायद्यातली एक छोटी तरतूद मला सगळ्यांत बोलकी वाटते. बापानं एकाच मुलावर अर्ज केला, तर तो मुलगा इतर भावंडांनाही त्यात ओढू शकतो. कागदावर हे न्याय्य आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते एका सुनावणीच्या दिवशी बाकावर बसून बघितलं. चार मुलगे असलेल्या एका वडिलांनी फक्त नोकरीवाल्यावर अर्ज केला होता. त्यानं तिघांची नावं दिली. मग तीन नोटिसा. त्यातली एक 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत. पुढची तारीख. चौघं एकदाचे आले तेव्हा बोलणं वडिलांच्या जेवणाखाणाचं राहिलंच नाही. 1998 सालची विहीर कुणाच्या पैशानं खणली यावर आलं. वडील बाकाच्या टोकाला बसून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते, त्यांना ऐकू कमी येत असावं. शेवटी सहा हजार ठरले, प्रत्येकी दीड.

तिथल्या एका अनुभवी कारकुनानं पुढचं सांगितलं. पहिले दोन महिने चौघांचे येतात. तिसऱ्या महिन्यात एकाचे थांबतात. चौथ्या महिन्यात बाकीचे म्हणतात, तो देत नाही तर आम्हीच का? "एकुलता असला तर निदान बोट दाखवायला कुणी नसतं," तो म्हणाला. पण एकुलत्याचे अर्ज येतच नाहीत असं नाही. त्याचे येतात ते बहुधा घरावरून. फ्लॅट बक्षीसपत्रानं त्याच्या नावे करून दिलेला असतो आणि आता आई-वडील तिथे पाहुणे झालेले असतात. कलम 23 प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत घेता येते. अशी अट होती हे सिद्ध व्हायलाच हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलं होतं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं कायद्याकडे ज्येष्ठांच्या बाजूनं, उदारपणे बघितलं. तरी ज्यांना अजून बक्षीसपत्र करायचंय त्यांनी अट स्पष्ट लिहून घ्यावी, नाहीतर करूच नये, असं माझं मत. मृत्युपत्र बदलता येतं. बक्षीसपत्र मागे घ्यायला प्रांतांचा बाक गाठावा लागतो.

मुली या बाकावर फार दिसत नाहीत, पण त्यांचा प्रश्न जुना आहे आणि त्याचा निकाल लागला तो आपल्याच कल्याणच्या प्रकरणात. विजया अरबट या विवाहित डॉक्टर मुलीकडे वडिलांनी पोटगी मागितली होती. लग्न झालेल्या मुलीवर ही जबाबदारी नाही, असा बचाव होता. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. मुलीची स्वतःची, नवऱ्यापासून वेगळी, कमाई असेल तर तीही मुलाइतकीच बांधलेली. तेव्हा पाच मुलगे मोजणाऱ्या घरांत आणखी तीन मुली मोजायच्या राहून जात होत्या, हे कोर्टानं सांगितलं. घरांनी अजून पुरतं ऐकलेलं नाही. वाटणीच्या वेळी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतात आणि दवाखान्यात रात्रीची पाळी लावताना पहिला फोन तिलाच जातो.

सुनेबद्दल कायदा गप्पच आहे. 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात एवढेच येतात. अंथरूण बदलणारी, भाकरी कुस्करून भरवणारी, औषधाची वेळ लक्षात ठेवणारी बाई कायद्याच्या लेखी तिऱ्हाईत. तिला त्यात आणणारं विधेयक 2019 मध्ये मांडलं गेलं, ते तसंच राहिलं. तिच्यावर जबाबदारी टाकण्याची घाई मला तरी नाही. पण मोजदाद करायचीच तर म्हातारपणाचा बराचसा भार जिच्यावर असतो ती कुठल्याच रकान्यात नाही, हे नोंदवायला हवं.

कोथरूड, वाकड आणि नाशिक

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे 1992-93 मध्ये, महाराष्ट्रातला एकूण जननदर सुमारे 2.9 होता. 2019-21 च्या पाचव्या फेरीत तो 1.7 झाला. आज ऐंशीच्या घरात असलेल्यांची बहुधा चार-पाच मुलं आहेत, साठीच्या अनेकांची दोन. त्यांच्या मागून येणाऱ्यांत एकच मूल असलेले खूप असतील. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये बहात्तर हजारांहून अधिक लोकांचं वार्धक्यविषयक सर्वेक्षण केलं. त्यात साठीपुढच्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकटा किंवा फक्त जोडीदारासोबत राहताना आढळला. छोट्या कुटुंबाचं म्हातारपण कसं असेल हे बघायला भविष्याची वाट बघायची गरज नाही. कोथरूडला जाता येतं.

तिथल्या एका घरात मी गेलो. आजोबा बँकेतून निवृत्त, आजी शाळेतून. पेन्शन आहे, विमा आहे, लिफ्ट आहे. एकुलती लेक वाकडला, तिचा नवरा एकुलता, त्याचे आई-वडील नाशिकला. दोन माणसांवर चार म्हातारी माणसं. गेल्या पावसाळ्यात आजोबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. लेक तासाभरात पोचली, संध्याकाळी शस्त्रक्रिया ठरली, दुसऱ्या दिवशी झालीही. "कुणाला विचारायचंच नव्हतं," ती म्हणाली. या एका वाक्यात लहान कुटुंबाची मोठी सोय आहे. फाईल एक, डॉक्टर एक, निर्णय एकीचा. रक्तदाबाची एकच गोळी दोन रंगांत इथे सापडणार नाही.

मग ऑक्टोबरात तिला स्वतःला डेंग्यू झाला. बारा दिवस. कोथरूडला फिजिओथेरपिस्ट येत होता, नाशिकला सासऱ्यांच्या मोतीबिंदूची तारीख ठरलेली होती. ती म्हणाली, "भाऊ असता तर त्यानं काही केलं असतंच असं नाही. पण भांडायला तरी कुणी असतं." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

बारा दिवस भागवले ते नर्सिंग ब्युरोच्या मावशींनी. चोवीस तासांच्या कामाला महिन्याला चोवीस हजार, वर ब्युरोचं कमिशन, महिन्याला दोन सुट्ट्या. मावशी लातूरकडच्या. आजोबांना कुशीवर वळवताना पाठीखाली हात कुठे घालायचा, उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये कशी ठेवायची, हे त्या न बोलता करत होत्या. बोलायला लागल्या ते स्वयंपाकघरात. त्यांना चार भाऊ. आई गावी. कुणाकडे? त्या हसल्या. "फिरतीवर असती. आता तिसऱ्याकडं." आईच्या औषधाचे पैसे मात्र या चोवीस हजारांतून जातात, कारण भावांचं ठरायला वेळ लागतो.

एका मुलीच्या घरातलं म्हातारपण पाच मुलांच्या घरातल्या लेकीनं उचललेलं आहे, आणि त्यासाठी तिचं स्वतःचं घर तिच्याविना चाललं आहे. शहरातल्या लहान कुटुंबांची सोय अशी खेड्यांतल्या मोठ्या कुटुंबांवर उभी आहे. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी लातूरकडच्या घरांतही मुलं दोन-एकच असतील. तेव्हा ब्युरो माणसं कुठून आणणार, याचा विचार कुणी करताना मला आढळलं नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, पैसेवाल्यांसाठी पुण्यात 'अथश्री'सारखी संकुलं आहेत. गरिबांसाठी श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार आहेत, तेही वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असेल तर. पूर्वी पाचांतला एक निघायचा, त्याच्या जागी व्यवस्थेनं उभं राहायला हवं होतं. मुलं कमी करा म्हणताना सरकारनं त्याचा हिशेब केला नाही. पोस्टरवर चार हसरे चेहरे होते, आजी-आजोबा चित्रातच नव्हते.

वहीचं पान

कोरेगाव तालुक्यातल्या एका घरात मला वेगळी रीत दिसली. तीन भाऊ, एक बहीण. वडील गेल्यावर आईची फिरती सुरू झाली. दुसऱ्या वर्षी आईच म्हणाली, मी हलणार नाही, तुम्ही हला. बहिणीनं, ती तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे, सगळ्यांना बसवून शाळेच्या वहीचं एक पान लिहून काढलं. आई जुन्या घरात, धाकट्याच्या शेजारी. ज्वारी-गहू थोरल्याचा. औषधं मधल्याची, पण डॉक्टर एकच आणि फाईल बहिणीकडे. धाकट्याच्या बायकोला महिन्याला तीन हजार, बाकीच्या तिघांनी मिळून द्यायचे, तिच्या स्वतःच्या खात्यावर. या शेवटच्या ओळीवर म्हणे दोन संध्याकाळ वाद झाला. घरच्या सुनेला पगार? धाकटी सून तोपर्यंत गप्प होती. मग तिनं विचारलं, "मग पाळी लावू का?" वाद मिटला.

आईच्या नावची वीस गुंठे जमीन तशीच ठेवली आहे. तिच्यावरून कुणी बोलत नाही, सगळ्यांच्या ती लक्षात मात्र असते, असं बहिणीनंच हसत सांगितलं.

पान देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. चौघांच्या सह्या, आईचा अंगठा. शेवटी एक ओळ अर्धीच लिहिलेली होती: 'आई जागेवर पडल्यास' आणि पुढे मोकळी जागा. मी विचारलं तेव्हा थोरले भाऊ म्हणाले, "ते काय, तेव्हाचं तेव्हा बघू."

बहिणीनं पानाची घडी घातली. "तेव्हा म्हणजे मीच," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.